थडग्यापुढचा नारळ

मोहम्मद बिन झायद सिटी,
अबू धाबी

प्रिय दादा,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडायला गेले, पण त्या जागी दुसरं काय लिहावं ते सुचेना. 'आदरणीय' तर तुला स्टेजवर रोजच म्हणतात. तेव्हा राहू दे. पण त्या एका शब्दावर जाऊन पुढचं सगळं गोड असेल असं समजू नकोस. तू फोन उचलत नाहीस. वहिनी उचलते आणि 'हे दौऱ्यावर आहेत' म्हणते. व्हॉट्सअॅपवर लिहिलं की तुझ्याकडून जोडलेले हात येतात. माझ्या एवढ्या मोठ्या मेसेजला उत्तर म्हणून दोन पिवळे हात! म्हणून कागद घेतला. संजयच्या कंपनीतले एक जण उद्या नागपूरला निघालेत, ते तुझ्या हातातच देतील. वहिनीकडे द्यायचं नाही असं मी त्यांना बजावून सांगितलंय.

जानेवारीत तू आलास तेव्हा या घरात सण होता, हे तुला आठवतंय की तेही आता तुझ्या भाषणातल्यासारखं बदललं? संजयने रुवैसच्या प्लांटवरून रजा टाकली, तुझा व्हिजिट व्हिसा काढला. अवनीने जबल अलीच्या ऑफिसातून सुट्टी मागून एअरपोर्ट गाठला. इथल्या मराठी मंडळाने तुझी दोन व्याख्यानं ठेवली होती आणि मी आठवडाभर दिसेल त्याला सांगत होते, माझा भाऊ येतोय, प्रल्हाद सर, तेच ते. समोरच्या दारातली हव्वाबी तर माझ्याहून जास्त उत्साहात होती. बावीस वर्षं माझ्याकडून तुझ्या गोष्टी ऐकतेय ना ती! पहिल्याच दिवशी तिने तुझ्यासाठी सांदणं करून आणली, नारळाच्या दुधात बुडवलेली, आणि म्हणाली, 'भाईंनू, आमच्या खेडकडची आहेत, आवडतील का बघा.' तू चार खाल्लीस. पाचवं मागून घेतलंस. तेव्हा तिच्या डोक्यावरची ओढणी तुला दिसली नव्हती का?

हव्वाबी माझी कोण हे तुला सांगायला नको, पण तुला ते खरंच कळलंय असं आता मला वाटत नाही, म्हणून सांगते. अवनी सातव्या महिन्यात झाली. तेव्हा आम्ही मुसाफ्फाच्या जुन्या बिल्डिंगमध्ये होतो, हव्वाबी खालच्या मजल्यावर. फक्त जिन्यात हसण्याइतकी ओळख. संजय रुवैसला शिफ्टवर, आणि त्या पहाटे रस्त्यावर असं धुकं की त्याला निघूच देईनात. हव्वाबीने मला टॅक्सीत घातलं. हॉस्पिटलात नर्सने विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? ती म्हणाली, बहीण. नर्सने एकदा माझ्या टिकलीकडे पाहिलं, एकदा तिच्या बुरख्याकडे, आणि कागद पुढे केला. अवनी काचेच्या पेटीत होती तितके दिवस ही बाई तिच्यापाशी बसून होती, कारण मला उठता येत नव्हतं. तू नागपूरहून फोन केलास, 'नाव अवनी ठेवा' म्हणालास. ते नाव पेटीवर चिकटवलं कुणी? तिनेच. मोडक्या इंग्रजीत लिहून. पुढे आम्ही इकडे घर घेतलं तेव्हा समोरचा फ्लॅट रिकामा आहे हे मीच तिला जाऊन सांगितलं.

आता हिलीकडे येते. मंडळाच्या अल ऐनच्या सहलीच्या आदल्या दिवशी दुपारी आपण दोघं माझ्या स्वयंपाकघरात चहा घेत होतो. अवनीने तुला तिथल्या हिलीच्या पुरातत्त्व पार्काची माहिती प्रिंट करून दिली होती, ती तू चष्मा कपाळावर सरकवून वाचत होतास. चार हजार वर्षांपूर्वीची गोल दगडी वास्तू, आजूबाजूला तशीच आणखी, आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या एकत्र ठेवलेली माणसं. बायका, पुरुष, पोरं, सगळ्यांची हाडं एकमेकांत मिसळलेली. मी विचारलं, 'दादा, आपल्या नागपूरकडच्या शिळावर्तुळांसारखंच का रे?' तू म्हणालास, 'त्याहून देखणं. पण थडगंच ते.' मग कपातला शेवटचा घोट घेऊन तू हसलास आणि म्हणालास, 'पण सुहास, थडग्याचं ऐकायला कोण येतं?' मीही हसले. मला वाटलं, तू तुझ्या श्रोत्यांवर हसतोयस. संध्याकाळी माझ्याबरोबर सुपरमार्केटात आलास, 'चार दिरहम? म्हणजे शंभर रुपयांना एक!' असं ओरडत एक नारळ टोपलीत टाकलास. मी समजले, आमटीसाठी.

दुसऱ्या दिवशी बसभर माणसं. पोरं मागच्या सीटवर इंग्रजीत भेंड्या खेळत होती. हव्वाबी येणार नव्हती, मीच ओढून नेली. पार्कात हिरवळीवर चटया टाकल्या, हव्वाबीने पोरांना वड्या वाटल्या, आणि मग तू सगळ्यांना त्या दगडांपुढे उभं केलंस. मी ते थडगं आधी चारपाच वेळा पाहिलंय, पण दरवेळी तिथे गेलं की आवाज आपोआप खाली येतो. माणसाहून उंच, गुळगुळीत घडवलेले दगड एकाला एक टेकून उभे. खाली वाकून शिरावं लागेल एवढंसं दार, आणि दारावर कोरलेली दोन साधी माणसं, बाजूंना लांब शिंगांची हरणं. मंडळी गप्प झाली होती. त्या शांततेचा तू किती चटकन फायदा उचललास! हात वर करून म्हणालास, 'हे आहे आपलं मंदिर.' गोल बांधकाम म्हणजे गाभारा. दारावरचं जोडपं म्हणजे शिवपार्वती. हरणं त्यांची वाहनं. आपले पूर्वज समुद्र ओलांडून आले, त्यांनी हे बांधलं, आणि बोर्डावर ज्यांनी 'थडगं' लिहिलंय त्यांना ते लपवायचं आहे. टाळ्या पडल्या. छोट्या केयाने बोर्डावर बोट ठेवून विचारलं, 'बट अंकल, इट सेज टूम्ब.' तू त्या आठ वर्षांच्या पोरीला म्हणालास, 'बेटा, परक्यांनी लिहिलेलं वाचून आपण मोठे होत नाही.' तिची आई खाली बघत राहिली. मीही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं वहिनीने, तुझ्याच बायकोने, मला नंतर सुनावलं. भर चौकात मोठ्या भावाला खोटं पाडायची सवय मला कुणी लावली नव्हती. तूही नाही.

मग तू पिशवीतून नारळ काढलास. कुंकू काढलंस. मंडळातल्या राजाभाऊंना मोबाइल धरायला सांगितलंस. त्या दगडावर, दारावरच्या त्या दोन माणसांच्या खाली, तू कुंकू लावणार आणि नारळ फोडणार होतास. पहारेकरी पठाण होता. तो धावत आला, पण अदबीने म्हणाला, 'साब, पत्थर को हाथ मत लगाइए, प्लीज.' तू मोठ्याने म्हणालास, 'ये हमारा मंदिर है.' त्याने वॉकीटॉकीवर काहीतरी सांगितलं आणि गेटाकडून पांढरा पायघोळ कंदुरा घातलेले एक अरब साहेब चालत आले. आम्ही इथे तीस वर्षं राहतोय, दादा. या देशात कशाला काय शिक्षा होते ते आम्हाला ठाऊक आहे. एका क्षणात बसमधला प्रत्येक नोकरदार माणूस चार पावलं मागे सरकला. संजयसुद्धा. पुढे कोण गेलं? हव्वाबी. ती त्या साहेबांशी अरबीत बोलत राहिली, हसून, हात छातीवर ठेवून. थोडं मलाही कळलं. म्हातारा माणूस आहे, पाहुणा आहे, श्रद्धाळू आहे, चुकला, आम्ही निघतोच आहोत, खलास. ते साहेब ऐकत होते. पण तुझा हात? तो वरच. नारळ धरलेला. ती तुला म्हणाली, 'भाईंनू, खाली करा हात.' तू करेनास. तिने पुन्हा सांगितलं. मग तिने तुझ्या हातातून तो नारळ काढून घेतला, स्वतःच्या पिशवीत ठेवला, आणि त्या साहेबांना म्हणाली, झालं. ते मान हलवून परत गेले. कुणी तुझं नाव विचारलं नाही, पासपोर्ट मागितला नाही. त्या रात्री तू माझ्या घरी जेवलास ते तिच्यामुळे. नाहीतर कुठे जेवला असतास कोण जाणे.

आणि दोन दिवसांनी, माझ्याच घरातल्या वायफायवरून, माझ्या अंकुरच्या रिकाम्या पलंगावर बसून तू तो व्हिडिओ टाकलास. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. पहारेकरी नाही त्यात, साहेब नाहीत, अरबीतली रदबदली नाही. फक्त तू, भाविक, हात उंचावलेला, आणि काळ्या बुरख्यातली एक बाई तुझ्या हातातून नारळ हिसकावून घेतेय. वर तुझे शब्द, 'आपल्याच मंदिरात आपल्याला नारळ फोडू दिला नाही. कोणी हिसकावला ते बघा आणि ओळखा.' ओळखा! लोकांनी ओळखली, दादा. तुझे लोक मेहनती आहेत. तिचं नाव, तिचं खेडचं घर, तिच्या भावाचं औषधाचं दुकान, सगळं शोधून काढलं. दुकानाच्या शटरवर तिचा फोटो चिकटवून खाली जे लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही, कारण हा कागद माझ्या घरात लिहिला जातोय. तिची आई ऐंशीच्या पुढची आहे. तिला रस्त्यात थांबवून कुणी विचारलं, तुमची मुलगी देवाचा नारळ पळवते म्हणे? ती म्हातारी त्यानंतर घराबाहेर पडलेली नाही. आणि इकडे आपल्या मंडळातल्या दोघींनी मला विचारलं, 'पण ती आपल्या ट्रिपला आलीच कशाला होती?' दोघींच्याही मुलांनी तिच्या हातच्या वड्या खाल्ल्या होत्या. राजाभाऊ मात्र तिच्या दारात येऊन रडले. म्हणाले, 'मी फक्त मोबाइल धरला होता.' हव्वाबीने त्यांना पाणी दिलं.

तुला मी विमानतळावर सोडायला आले तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं. मी तुझ्या पाया पडले. ते आठवलं की अजून अंगाला आग लागते.

एखादा अडाणी माणूस असता तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, त्याला काय कळतंय. पण तू! बाबा गेले त्या वर्षीचा उन्हाळा मला जसाच्या तसा डोळ्यांपुढे दिसतो. तू नुकता शाळेत मास्तर म्हणून लागला होतास, मी परकर पोलक्यातली. तू मला सायकलच्या मागे बसवून गावाबाहेरच्या माळावर नेलंस. काळ्या दगडांची ती मोठमोठी वर्तुळं, मधे पिवळं गवत. मी एका दगडावर बसायला गेले तर तू म्हणालास, 'थांब. आधी विचार, बसू का म्हणून.' त्याच सुमारास गावकऱ्यांनी एका दगडाला शेंदूर लावला होता, चौथरा बांधायचा होता. सरपंचाने तुला बोलावून विचारलं, 'मास्तर, हे कुठल्या देवाचं ठाणं ते सांगा, म्हणजे तसा फलक लावू.' तू पंचविशीही न गाठलेला पोरगा, भर सभेत म्हणालास, 'देवाचं नाही. खाली माणसं निजलीत. कुणाची आई असेल, कुणाचा बाप असेल. त्यांना निजू द्या.' तुझी बदली झाली त्यावर. आईने डोक्याला हात लावला. तू ट्रंक बांधताना शीळ घालत होतास. हीच गोष्ट मी हव्वाबीला सांगितली होती, माझ्या मुलांना सांगितली होती. अंकुरने शाळेत तुझ्यावर निबंध लिहिला होता, 'माय हीरो'. तो बिचारा आता कॅनडातून विचारतो, 'आई, वॉज दॅट स्टोरी ट्रू?' काय सांगू मी त्याला? होती खरी. माणूस खोटा झाला.

मी तुला फोनवर गाठलं ते एकदाच. म्हटलं, व्हिडिओ काढ. तू म्हणालास, 'मी कुठे कुणाचं नाव घेतलं? लोकांनी अर्थ काढला, त्याला मी काय करू?' मी म्हटलं, मग लोकांना खरं सांग. त्यावर तू म्हणालास, 'सुहास, तू तिकडे राहून घाबरट झालीस.' आणि गेल्या महिन्यात तुझं नागपूरचं व्याख्यान मी मोबाइलवर पाहिलं. आता त्यात पहारेकऱ्याच्या हातात काठी आली आहे. तुझ्या छातीवर धक्का बसतो. पुढच्या व्याख्यानापर्यंत तुला जखमही होईल. समोरचे लोक उभे राहून टाळ्या वाजवतात आणि तू डोळे पुसतोस. दादा, तू खरंच डोळे पुसत होतास. ते बघून मला जेवण गेलं नाही.

इथे न विचारता कुणाचा व्हिडिओ काढणं, पसरवणं हा गुन्हा आहे. हव्वाबीने नुसती पोलिसांत तक्रार केली असती तर तुला या देशात पाऊल ठेवता आलं नसतं. तिचा मुलगा तिला गाडीत बसवून स्टेशनपर्यंत घेऊन गेला होता. संजय साक्ष द्यायला तयार होता, मीही होते. ती गाडीतून उतरलीच नाही. परत येऊन माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, 'नको गो. तुझा भाऊ आहे. उद्या तुला माहेर नको?' मी तिच्यावर ओरडले. तुझ्यावर ओरडायचं होतं ते सगळं तिच्यावर ओरडले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, 'मी त्याला हात खाली करायला सांगितलं, तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलंन. भ्यायला होता गो तो. मला वाईट वाटला.' तुझी दया आली तिला! मला नाही येत.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. अवनीचं लग्न ठरलंय. मुलगा देवांश, इथेच वाढलेला, साधा आहे, अवनीच्या मैत्रिणीचा भाऊ. माझ्या मनात लग्न नागपूरला होतं, तुझ्या अंगणात मांडव, तू मामा म्हणून तिला हाताला धरून बोहल्यावर आणणार, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहणार. ते आता इथेच होईल, अबू धाबीत, आणि या वेळी संजय तुझा व्हिसा काढणार नाही. मामाकडची पिवळी साडी पाठवू नकोस, ती आणली आहे. वहिनीला यायचं असेल तर येऊ दे, तिला तिकीट पाठवते. मामाच्या जागी हव्वाबी उभी राहील. हे मी ठरवलं नाही, अवनीने ठरवलं. मला म्हणाली, 'आई, आय आस्क्ड हर ऑलरेडी. खलास.' हव्वाबीने आठ दिवस होकार दिला नाही. रडली, लोक काय म्हणतील म्हणाली, गुरुजींना चालेल का म्हणाली. गुरुजींना चाललं. मग तिने एकच अट घातली. म्हणाली, 'आधी तुझ्या भावाला कळव. त्याची जागा आहे ती. त्याच्या पाठीमागे मी ती घेणार नाय.' मला तुला काहीच कळवायचं नव्हतं, दादा. लग्न होऊन गेल्यावर दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तरी मला चाललं असतं. तिला चाललं नाही, म्हणून हे पत्र. आता समोरच्या दारात जाऊन तिला सांगते, कळवलं.

तुझीच,
सुहास